मालक एक की अनेक? इंग्रजीतील अनेकवचनी षष्ठीचा गुंता

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या जिल्हा न्यायालयासमोर २०२१ मध्ये एक बदनामीचा दावा आला. मालमत्ता खरेदी-विक्रीच्या व्यवसायातील एका व्यक्तीने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या जुन्या मालकाविषयी फेसबुकवर मजकूर लिहिला होता. हा मालक दशलक्षावधी डॉलर किमतीची घरे विकतो, परंतु कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीचे पैसे मात्र भरत नाही, असा त्या मजकुराचा आशय होता. लिहिणाऱ्याने तो काही तासांतच काढून टाकला. तरीही मालकाने दावा दाखल केला.

वादाचे मूळ एका चिन्हात होते. 'एम्प्लॉईज' या शब्दात अपॉस्ट्रॉफी दिलेली नव्हती. आपल्याला एकाच कर्मचाऱ्याविषयी, म्हणजे स्वतःविषयी, बोलायचे होते, असे लिहिणाऱ्याचे म्हणणे होते. परंतु चिन्ह नसल्यामुळे तो शब्द अनेकवचनी वाचला जात होता. एखाद्या कर्मचाऱ्याचे पैसे थकणे ही नजरचूक असू शकते. अनेकांचे पैसे थकवणे ही मात्र जाणूनबुजून चालवलेली पद्धत ठरते. न्यायाधीशांनी हा फरक महत्त्वाचा मानला आणि किरकोळ बाब म्हणून दावा फेटाळण्यास ऑक्टोबर २०२१ मध्ये नकार दिला.

शाळेत शिकवला जाणारा व्याकरणाचा एक नियम अशा रीतीने न्यायालयाच्या दारात पोहोचला. मालक एक की अनेक, हे इंग्रजी भाषा कसे सांगते आणि ते सांगताना ती इतकी का अडखळते, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरते. न्यायालये, कार्यालये, विद्यापीठे आणि वृत्तसंस्था यांचा इंग्रजी व्यवहार भारतात मोठा आहे. ज्यांची मातृभाषा मराठी आहे, त्यांना तर हा प्रश्न एका वेगळ्याच वाटेने भेटतो.

ध्वनी एक, अर्थ तीन

अपॉस्ट्रॉफी म्हणजे स्वल्पविरामासारखे दिसणारे, परंतु अक्षराच्या वरच्या अंगाला लिहिले जाणारे चिन्ह. इंग्रजीत 'मुले', 'मुलाचा' आणि 'मुलांचा' या तिन्ही अर्थांसाठी 'बॉइज' असा एकच उच्चार होतो. लेखनात मात्र तीन रूपे आहेत. नुसत्या 'एस' अक्षराचे रूप म्हणजे 'मुले'. 'एस'च्या आधी चिन्ह दिले की 'एका मुलाचा'. 'एस'च्या नंतर चिन्ह दिले की 'अनेक मुलांचा'. देवनागरीत ही रूपे उच्चारानुसार लिहिली, तर तिन्ही ठिकाणी 'बॉइज' हाच शब्द उमटतो. इंग्रजी कानाला जे ऐकू येते, त्याचे हे प्रामाणिक चित्र आहे.

ज्या भेदाला ध्वनीचा आधार नाही, तो केवळ डोळ्यांनी सांभाळावा लागतो. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही या चिन्हाच्या जागेविषयी वारंवार चुकतात, याचे मुख्य कारण हेच आहे. बोलताना त्यांना हा भेद कधी करावाच लागत नाही. नभोवाणीवर इंग्रजी मजकूर वाचताना हे चिन्ह निरुपयोगी ठरते. तेथे अर्थ स्पष्ट करायचा असेल, तर वाक्यरचना बदलून 'ऑफ' या अव्ययाचा आश्रय घ्यावा लागतो.

प्रत्यय हरपला, चिन्ह उरले

इंग्रजी सुरुवातीपासून अशी नव्हती. अकराव्या शतकापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना संस्कृतप्रमाणे विभक्तिप्रत्यय लागत. 'राजाचा' आणि 'राजांचा' यांसाठी तेव्हा दोन निराळी रूपे होती: 'क्युनिंगेस' आणि 'क्युनिंगा'. एकवचनी षष्ठीचा '-एस' आणि अनेकवचनी षष्ठीचा '-आ' हे प्रत्यय कानालाही वेगळे लागत.

पुढील काही शतकांत शब्दांच्या अखेरचे स्वर दुबळे झाले आणि बहुतेक विभक्तिप्रत्यय गळून पडले. जो '-एस' प्रत्यय टिकला, तोच अनेकवचनासाठी, एकवचनी षष्ठीसाठी आणि अनेकवचनी षष्ठीसाठी वापरला जाऊ लागला. तीन कामे एकाच प्रत्ययावर येऊन पडली आणि भेद दाखवण्याचे साधन हरपले.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली ती सोळाव्या शतकात, फ्रेंच मुद्रकांच्या अनुकरणाने. तिचे मूळ काम स्वामित्व दाखवण्याचे नव्हते; शब्दातील गाळलेले अक्षर दाखवण्याचे होते. षष्ठीच्या '-एस' प्रत्ययातील 'इ' हे अक्षर उच्चारातून गेले, तेव्हा त्या रिकाम्या जागी हे चिन्ह बसले. सतराव्या शतकात एकवचनी षष्ठीसाठी त्याचा वापर वाढत गेला. अनेकवचनी षष्ठीसाठी 'एस'नंतर चिन्ह देण्याची रीत त्याहून उशिरा, अठराव्या शतकात रूढ होऊ लागली आणि स्थिरावण्यास आणखी काळ गेला. अनेकवचनात एकही अक्षर गाळलेले नसताना हे चिन्ह द्यायचे कशासाठी, असा आक्षेप त्या काळी घेतला जात असे. म्हणजे इंग्रजीत हा नियम बोलण्यातून उगवलेला नाही. अर्थभेद डोळ्यांना दिसावा, म्हणून मुद्रक आणि वैयाकरण यांनी तो घडवला.

आधी अनेकवचन, मग षष्ठी

आज मान्य असलेला नियम दोन पायऱ्यांचा आहे. प्रथम नामाचे अनेकवचन पूर्ण करावे, त्यानंतर त्याला षष्ठी लावावी. अनेकवचनाच्या अखेरीस 'एस' असेल, तर केवळ चिन्ह द्यावे; नसेल, तर चिन्ह देऊन पुढे 'एस' लिहावा.

'टीचर' या शब्दाचे अनेकवचन 'टीचर्स'. त्याच्या अखेरीस 'एस' आहे, म्हणून चिन्ह सर्वांत शेवटी येते. 'चाइल्ड'चे अनेकवचन 'चिल्ड्रन'. त्याच्या अखेरीस 'एस' नाही, म्हणून 'चिल्ड्रन्स' या षष्ठीत चिन्ह 'एन' आणि 'एस' यांच्यामध्ये येते. 'मेन' आणि 'विमेन' यांचेही तसेच. अशा अनियमित शब्दांत कानाला पुन्हा फरक कळतो, कारण 'मॅन्स' आणि 'मेन्स' यांचे उच्चार निराळे आहेत. बालदिनाच्या इंग्रजी फलकावर चिन्ह 'एस'च्या पुढे लिहिले, तर ती चूक होते. शिक्षक दिनाच्या फलकावर मात्र तीच जागा योग्य ठरते.

आडनावांच्या बाबतीत हा नियम अधिक कसोटी पाहतो. कुलकर्णी कुटुंबाचे घर असे इंग्रजीत लिहायचे, तर आधी 'कुलकर्णीज' हे अनेकवचन आणि मग अखेरीस चिन्ह. घराच्या पाटीवर 'एस'च्या आधी चिन्ह दिले, तर ते घर एकट्या कुलकर्णींचे होते. 'दास' हे आडनाव मुळातच इंग्रजी 'एस' अक्षराने संपते. म्हणून त्याचे अनेकवचन 'दासेज' असे करून त्यापुढे चिन्ह द्यावे लागते. केवळ 'दास' लिहून त्यापुढे चिन्ह दिल्यास त्यातून संपूर्ण कुटुंबाचा बोध होत नाही.

सर्वांत उद्बोधक उदाहरण 'सिस्टर-इन-लॉ' या जोडशब्दाचे आहे. येथे अनेकवचनाचा 'एस' पहिल्या शब्दाला लागतो आणि षष्ठीचा 'एस' शेवटच्या शब्दाला. 'नणंदांचा' किंवा 'जावांचा' या अर्थी 'सिस्टर्स-इन-लॉज' असे रूप तयार होते आणि चिन्ह केवळ दुसऱ्या 'एस'च्या आधी येते. अनेकवचन आणि षष्ठी या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे या एकाच शब्दात स्पष्ट दिसते. अनेकवचन नामाला लागते. षष्ठी मात्र संपूर्ण शब्दसमूहाच्या टोकाला लागते.

दोन मालकांची बाबही याच तत्त्वावर सुटते. राम आणि श्याम यांचे सामाईक घर असेल, तर चिन्ह केवळ शेवटच्या नावाला. दोघांची घरे निरनिराळी असतील, तर प्रत्येक नावाला स्वतंत्र चिन्ह. मिळकतीच्या कागदपत्रांत हा फरक दुर्लक्षून चालत नाही. सर्वनामांना मात्र या नियमातून सूट आहे. 'आमचा' आणि 'त्यांचा' या अर्थांची 'अवर्स' व 'देअर्स' ही रूपे चिन्हाशिवायच लिहिली जातात.

नामपदबंधातील स्थान

नाम आणि त्याला जोडून येणारी विशेषणे, उपपदे व इतर शब्द मिळून जो गट होतो, त्यास नामपदबंध म्हणतात. षष्ठीचे अनेकवचनी रूप या गटात दोन निरनिराळी कामे करते. ती ओळखता आली, की बराचसा गोंधळ दूर होतो.

पहिले काम मालक निश्चित करण्याचे. 'त्या मुलींची शाळा' असे म्हटले, की 'त्या' हा शब्द मुलींकडे बोट दाखवतो आणि शाळा कोणाची, हे ठरते. दुसरे काम प्रकार सांगण्याचे. 'मुलींची शाळा' म्हणजे ज्या शाळेत मुलीच शिकतात, अशा प्रकारची शाळा. येथे कोणत्याही विशिष्ट मुली अभिप्रेत नसतात.

इंग्रजीतील 'अ विमेन्स कॉलेज' ही शब्दयोजना पाहावी. 'अ' हे उपपद एकवचनी नामापूर्वीच येते, तरीही येथे त्याच्या लगेच पुढे 'विमेन' हे अनेकवचन आहे. यात विसंगती नाही. 'अ' या उपपदाचा संबंध 'कॉलेज' या नामाशी आहे. 'विमेन्स' हा शब्द मध्ये बसून केवळ महाविद्यालयाचा प्रकार सांगतो. प्रकार सांगणारी षष्ठी मुख्य नामाला चिकटून येते आणि उपपदे व इतर विशेषणे तिच्या अलीकडे राहतात.

याच रचनेमुळे द्व्यर्थही निर्माण होतो. 'ओल्ड गर्ल्स स्कूल' या शब्दांत 'गर्ल्स'च्या शेवटी चिन्ह असले, तरी जुनी काय, शाळा की तेथे पूर्वी शिकलेल्या विद्यार्थिनी, हे चिन्ह सांगत नाही. विशेषणाचा संबंध कोणत्या नामाशी आहे, हे दाखवण्याची शक्ती त्या चिन्हात नाही. अशा वेळी वाक्य नव्याने बांधणे हाच उपाय उरतो.

कालवाचक शब्दांची षष्ठी कार्यालयीन पत्रव्यवहारात नित्य लागते. 'दोन आठवड्यांची पूर्वसूचना', 'पाच वर्षांचा कारावास', 'दहा दिवसांची रजा' या सर्व शब्दप्रयोगांत इंग्रजी अनेकवचनी षष्ठी वापरते आणि चिन्ह 'एस'नंतर येते. एका महिन्याची सूचना असेल, तर तेच चिन्ह 'एस'च्या आधी सरकते. आठवडा किंवा वर्ष येथे कशाचेही मालक नसते. तरीही रूप षष्ठीचेच राहते, कारण या विभक्तीचे क्षेत्र मालकीपेक्षा मोठे आहे. मराठीतही ते तसेच आहे. 'पंधरा-दिवस' असा संयोगचिन्हयुक्त विशेषणात्मक शब्द इंग्रजीत योजला, तर मात्र अनेकवचनाचा 'एस' आणि षष्ठीचे चिन्ह दोन्ही गळतात.

मालकी की केवळ वर्णन?

जेथे षष्ठी फक्त प्रकार सांगते, तेथे चिन्ह द्यावे की नाही, याविषयी इंग्रजीच्या जाणकारांतही एकमत नाही. 'फार्मर्स मार्केट' म्हणजे शेतकऱ्यांच्या मालकीचा बाजार, की जेथे शेतकरी माल विकतात तो बाजार? पहिला अर्थ घेतला, तर चिन्ह हवे. दुसरा अर्थ घेतला, तर 'फार्मर्स' हे अनेकवचनी नाम केवळ विशेषणासारखे वापरले आहे, असे म्हणून चिन्ह वगळता येते.

असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची लेखनपद्धती अशा वर्णनपर शब्दांत चिन्ह वगळण्याकडे झुकते. ग्रंथप्रकाशनात प्रमाण मानली जाणारी शिकागो विद्यापीठ मुद्रणालयाची लेखनपद्धती सामान्यतः चिन्ह राखते आणि संस्थेच्या अधिकृत नावातच ते नसेल, तेव्हा मात्र वगळते. दोन्ही पद्धती एका बाबतीत सहमत आहेत. 'विमेन्स' आणि 'चिल्ड्रन्स' या शब्दांतील चिन्ह कधीही वगळू नये, कारण चिन्हाशिवाय असे शब्द इंग्रजीत अस्तित्वातच नाहीत.

अमेरिकेत ११ नोव्हेंबर रोजी माजी सैनिकांच्या गौरवार्थ 'व्हेटरन्स डे' पाळला जातो. १९५४ पूर्वी हा दिवस युद्धबंदी दिन म्हणून ओळखला जात असे. या नावात चिन्ह नाही आणि ते सहेतुक वगळलेले आहे. हा दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नसून त्या सर्वांचा सन्मान करण्याचा आहे, असे स्पष्टीकरण तेथील माजी सैनिक व्यवहार विभागाने दिले आहे.

स्थळनामांच्या बाबतीत अमेरिकेने अधिक कठोर धोरण स्वीकारले. १८९० मध्ये स्थापन झालेल्या भौगोलिक नामविषयक मंडळाने आरंभापासूनच नैसर्गिक स्थळांच्या नावांतील स्वामित्वदर्शक अपॉस्ट्रॉफी टाळली. स्थळाला नाव एकदा चिकटले, की तेथे कोणाच्या मालकीचा प्रश्न उरत नाही, अशी त्यामागील भूमिका आहे. एका शतकाहून अधिक काळात अपवाद झाले ते मोजके पाच. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड हे बेट त्यांतील पहिले. त्याला १९३३ मध्ये हे चिन्ह परत मिळाले.

ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम नगर परिषदेने २००९ मध्ये रस्त्यांच्या फलकांवरील चिन्हे वगळण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा बरीच टीका झाली. केंब्रिज नगर परिषदेने मात्र असाच निर्णय २०१४ मध्ये नागरिकांच्या नाराजीनंतर मागे घेतला. लंडनच्या भुयारी रेल्वेवर तर दोन्ही रीती शेजारी नांदतात. पिकॅडिली मार्गावर लागोपाठ येणाऱ्या दोन स्थानकांपैकी 'अर्ल्स कोर्ट'च्या नावात चिन्ह आहे, 'बॅरन्स कोर्ट'च्या नावात नाही.

चिन्हाच्या जागेत दडलेला इतिहास

काही नावांत चिन्हाची जागा हाच इतिहासाचा पुरावा असतो. केंब्रिज विद्यापीठातील क्वीन्स कॉलेजच्या नावात चिन्ह 'एस'नंतर येते, म्हणजे येथे राण्या एकाहून अधिक आहेत. सहाव्या हेन्रीची पत्नी मार्गारेट ऑफ अँजू हिने १४४८ मध्ये या महाविद्यालयाची स्थापना केली आणि चौथ्या एडवर्डची पत्नी एलिझाबेथ वुडव्हिल हिने १४६५ मध्ये त्याची पुनःस्थापना केली. दोन्ही राण्यांचे ऋण एका चिन्हात नोंदले गेले आहे. ऑक्सफर्डमधील क्वीन्स कॉलेजचा उच्चार तसाच आहे, परंतु तेथे चिन्ह 'एस'च्या आधी येते. १३४१ मध्ये स्थापन झालेले ते महाविद्यालय तिसऱ्या एडवर्डची पत्नी फिलिपा या एकाच राणीच्या नावे आहे.

'मदर्स डे' या नावातील चिन्हामागे तर एका स्त्रीचा आग्रह उभा आहे. अमेरिकेत या दिवसाची प्रथा रुजवणाऱ्या अ‍ॅना जार्व्हिस यांनी मातृदिनाचे नाव एकवचनी षष्ठीतच लिहिले जावे, असे बजावले होते. हा दिवस जगातील समस्त मातांचा सामुदायिक उत्सव नसून प्रत्येक कुटुंबाने आपापल्या आईचा सन्मान करण्याचा दिवस आहे, अशी त्यांची धारणा होती. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या दिवसाची अधिकृत घोषणा केली. 'एस'च्या आधीचे ते चिन्ह आजही कायम आहे. शिक्षक दिनाच्या इंग्रजी नावात मात्र सामान्यतः अनेकवचनी षष्ठी योजली जाते, कारण तेथे संपूर्ण शिक्षकवर्गाचा गौरव अभिप्रेत असतो.

भारतीय कायद्यांच्या इंग्रजी नावांतही असा भेद आढळतो. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आणि १९५२ चा कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम यांच्या इंग्रजी शीर्षकांत 'एम्प्लॉईज' या शब्दानंतर, म्हणजे 'एस'च्या पुढे, चिन्ह आहे. निधी सामुदायिक असतो, म्हणून षष्ठी अनेकवचनी. नुकसानभरपाईविषयक १९२३ च्या अधिनियमाच्या नावात प्रथम 'वर्कमेन्स' हा अनेकवचनी शब्द होता. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या जागी 'एम्प्लॉईज' हा शब्द आला, परंतु त्यातील चिन्ह 'एस'च्या आधी आहे. त्या नावात आता कर्मचारी एकच उरला. हे तिन्ही अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आले. तथापि जुन्या निकालपत्रांचा हवाला देताना त्यांची नावे मूळ चिन्हांसह लिहावी लागतात. एका नावातील चिन्ह दुसऱ्या नावात नेल्यास अधिनियमाचे नावच चुकते.

मराठीचा अनुस्वार आणि त्याची मर्यादा

इंग्रजीत जे काम अपॉस्ट्रॉफीची जागा करते, ते मराठीत एक अनुस्वार करतो. 'मुलाचा' आणि 'मुलांचा', 'शाळेची' आणि 'शाळांची', 'मुलीचे' आणि 'मुलींचे' या जोड्यांत वचनाचा भेद सामान्यरूपावरील अनुस्वाराने होतो. शिवाय तो उच्चारात ऐकू येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, तेव्हा उच्चारात नसलेले अनेक अनुस्वार लेखनातून गेले. अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार मात्र राखण्यात आला. अर्थभेदासाठी तो आवश्यकच होता. मराठी षष्ठी त्याखेरीज आणखी एक माहिती देते. मुलांचा खेळ, मुलांची शाळा, मुलांचे पुस्तक यांत प्रत्यय मुख्य नामाचे लिंग व वचन सांगतो. इंग्रजीत अशी सोय नाही.

असे असूनही मराठीतून इंग्रजीत येताना दोन ठिकाणी पाऊल घसरते.

पहिले ठिकाण आदरार्थी अनेकवचनाचे. 'राष्ट्रपतींचे भाषण', 'मुख्याध्यापकांचे पत्र', 'टिळकांचे अग्रलेख' यांत अनुस्वार आहे, परंतु व्यक्ती एकच आहे. इंग्रजीत येथे एकवचनी षष्ठी हवी. 'मुख्यमंत्र्यांची बैठक' या शब्दांचे तर दोन अर्थ होतात: एका मुख्यमंत्र्यांनी घेतलेली बैठक, किंवा अनेक राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची एकत्र बैठक. मराठी वाचक तो अर्थ संदर्भाने जाणतो. इंग्रजीत लिहिताना मात्र चिन्ह 'एस'च्या आधी की नंतर, याचा निर्णय आधी करावा लागतो. जो भेद मराठी अनुस्वार येथे दाखवू शकत नाही, तो इंग्रजीचे चिन्ह दाखवते.

दुसरे ठिकाण समासाचे. शिक्षक दिन, बालदिन, महिला महाविद्यालय, विद्यार्थी संघटना, कर्मचारी निधी हे शब्द षष्ठी तत्पुरुषाच्या धर्तीवर बनलेले आहेत. समासात विभक्तीचा प्रत्यय लोपतो आणि त्यासोबत वचनही लोपते. विद्यार्थी एक की अनेक, हा प्रश्न 'विद्यार्थी संघटना' म्हणताना उद्भवतच नाही. इंग्रजी मात्र तो प्रश्न टाळू देत नाही. अनुवादकाला समासाचा विग्रह करूनच पुढे जावे लागते. संघटना विद्यार्थ्यांची, म्हणून षष्ठी अनेकवचनी. फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर चिन्ह भलत्याच जागी पडते, त्याचे एक कारण हा न केलेला विग्रह आहे.

सोपी कसोटी

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी जाणकार एक साधी कसोटी सुचवतात. षष्ठीचा शब्द बाजूला काढून 'ऑफ' या अव्ययाने तीच गोष्ट सांगून पाहावी. निधी कोणाचा? कर्मचाऱ्यांचा. म्हणजे 'ऑफ'नंतर जे रूप येते, ते 'एम्प्लॉईज' हे अनेकवचन. तोच शब्द जसाच्या तसा लिहून त्यापुढे चिन्ह द्यावे. 'ऑफ'नंतर 'चिल्ड्रन' आले, तर त्या शब्दानंतर चिन्ह आणि मग 'एस'. चिन्हाच्या डावीकडे जे उरते, तेच मालकाचे पूर्ण नाव असते. चिन्हाच्या डावीकडचा भाग झाकून न ठेवता आधी तोच वाचावा. तेथे एक व्यक्ती दिसते की अनेक, हे लगेच कळते.

संस्थेच्या अधिकृत नावाला मात्र ही कसोटी लावू नये. ते नाव संस्था स्वतः जसे लिहिते, तसेच लिहावे. आणि चिन्हाने अर्थ पुरेसा स्पष्ट होत नाही, अशी शंका असेल, तेथे चिन्हावर विसंबून न राहता दोन शब्द अधिक लिहावेत. करारपत्र, नोटीस आणि मृत्युपत्र यांत हे दोन शब्द पुढचा वाद वाचवतात.

न्यू साउथ वेल्समधील त्या व्यक्तीने 'माझे पैसे' असे दोन शब्द लिहिले असते, तर मालकाने किती कर्मचाऱ्यांचे पैसे थकवले, हा प्रश्नच न्यायालयापुढे आला नसता.